पडद्याआडचे दुखणे आणि फॅमिली डॉक्टर

मोहल्ल्यातल्या कुठल्याही दवाखान्यात संध्याकाळी बाकावर बसलेल्या स्त्रियांच्या तक्रारी ऐकल्या तर त्या सगळ्या एकसारख्याच वाटतात. अशक्तपणा आहे, चक्कर येते, कंबर भरून येते, हातपाय गळून जातात, कशात मन लागत नाही. केसपेपरवर तेवढेच लिहिले जाते. दोन-तीन मिनिटांत नाडी, ब्लडप्रेशर, चार दिवसांच्या गोळ्या आणि ताकदीचे टॉनिक होऊन जाते. ती घरी परतते आणि तिचे खरे दुखणेही तिच्याबरोबर जसेच्या तसे परत जाते. कारण ते तिने सांगितले नाही आणि डॉक्टरांनीही विचारले नाही.

पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे, अंग बाहेर येणे, मूल न होणे, नको असताना राहिलेले दिवस, घरातली मारहाण, बाळंतपणानंतर काळवंडलेले मन ही ती न बोललेली दुखणी. ती घेऊन बाई थेट मोठ्या हॉस्पिटलात जात नाही. तिच्यासाठी पहिला दरवाजा असतो तो गल्लीतल्या डॉक्टरांचा. ते एमबीबीएस असोत, बीएचएमएस, बीएएमएस किंवा आपल्या वस्त्यांत बऱ्याच ठिकाणी दिसणारे बीयूएमएस हकीम-डॉक्टर असोत, या पहिल्या दरवाजात काय विचारले जाते आणि कसे विचारले जाते यावर पुढचे बरेच काही ठरते. म्हणून या महिन्यात आम्ही हा नाजूक विषय वाचक भगिनींपुढे आणि त्यांच्या घरातल्या पुरुषांपुढेही मांडत आहोत.

गडचिरोलीने उघडे केलेले सत्य

स्त्रिया किती सोसतात आणि किती थोडे सांगतात, याचा पहिला मोठा पुरावा आपल्याच राज्यातून जगापुढे गेला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत स्त्रियांची विचारपूस व तपासणी केली. एकूण ६५० स्त्रिया तपासल्या. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाची किंवा जननेंद्रियाची एक ना एक तक्रार निघाली. सरासरी काढली तर प्रत्येकीला तीनहून अधिक आजार. आणि याआधी अशा आजारासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया किती होत्या? अवघ्या ८ टक्के. हा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्या स्त्रिया बहुतांशी मुस्लिम नव्हत्या, हे मुद्दाम सांगायला हवे. कारण ‘पडद्यामुळे तुमच्या बायका डॉक्टरकडे जात नाहीत’ असे आपल्याला सहज सुनावले जाते. लाज ही एका धर्माची नाही. ती गावातल्या, शहरातल्या, शिकलेल्या, न शिकलेल्या सगळ्याच घरांत आहे. पण म्हणून आपल्या घरातले मौन माफ होत नाही.

आजची स्थिती फार वेगळी नाही. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. महिन्याला किती रक्त जाते हे कुणी विचारतच नसेल तर लोहाच्या गोळ्या किती दिवस पुरणार? त्याच पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी तरी झालेल्या स्त्रिया दोनही भरल्या नाहीत. हा कर्करोग लवकर सापडला तर बरा होतो. उशिरा सापडला तर घराचे छप्परच जाते.

हया अडवत नाही, अडवतो तो गैरसमज

आपल्याकडे ‘हया’ हा ईमानचा भाग मानला जातो आणि ते बरोबरच आहे. पण हया म्हणजे दुखणे लपवणे असे कुणी शिकवले? प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या काळातल्या स्त्रियांकडे पाहा. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी गुस्लबाबतचा अत्यंत खासगी प्रश्न थेट प्रेषितांना विचारला, आणि विचारण्याआधी सत्य बोलताना संकोच नको, हे आधी स्पष्ट केले. हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांचे रक्त थांबत नव्हते. त्यांनी तेही विचारले. हे पाळीचे रक्त नसून शिरेतून येणारे रक्त आहे, असे त्यांना शांतपणे समजावून सांगण्यात आले. अन्सार स्त्रिया दीन समजून घेताना लाजत नसत, याचे कौतुक खुद्द हजरत आयेशा (रजि.) यांनी केले आहे.

उपचाराच्या बाबतीतही तसेच. खंदकच्या लढाईनंतर मस्जिदीत तंबू ठोकून जखमींची सेवा करणाऱ्या रुफैदा (रजि.) सर्वांना ठाऊक आहेत. जखमींना पाणी पाजणाऱ्या, मलमपट्टी करणाऱ्या स्त्रियांच्या हदीसही आपण वाचतो. फिकहचा नियमही सरळ आहे: स्त्रीसाठी स्त्री डॉक्टर मिळत असेल तर उत्तम, मिळत नसेल आणि गरज असेल तर पुरुष डॉक्टरांनी गरजेपुरते पाहणे, तपासणे जायज आहे. अट एवढीच, की पाहायचे ते गरजेपुरतेच आणि दोघांचा एकांत नसावा. गंमत अशी, की नेमक्या याच दोन गोष्टी आज वैद्यकीय नीतीसुद्धा सांगते.

चांगला डॉक्टर कसा विचारतो?

नाजूक प्रश्न विचारणे हे एक कसब आहे. अनुभवी डॉक्टर दारात शिरताच ‘पांढरे जाते का?’ असे विचारत नाहीत. ते आधी तक्रारीपासूनच सुरुवात करतात. कंबर दुखते तर किती दिवसांपासून? पाळीच्या दिवसांत जास्त दुखते का? शेवटची पाळी कधी आली? इथून वाट आपोआप उघडते.

पाळीच्या तारखेचा प्रश्न ऐकून कित्येकींना राग येतो. ‘खोकला झालाय, त्याचा पाळीशी काय संबंध?’ संबंध आहे. छातीचा एक्स-रे काढायचा असेल, काही औषधे द्यायची असतील, तर पोटात गर्भ नाही ना, हे आधी पाहावे लागते. हा प्रश्न चारित्र्याचा नाही, सुरक्षेचा आहे. डॉक्टरांनी हे एका वाक्यात सांगितले तर राग राहत नाही. ‘या वयाच्या सगळ्याच स्त्रियांना मी हे विचारतो’ असे म्हटले की बाईला आपल्यावरच संशय घेतल्यासारखे वाटत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठीत ‘अंगावरून जाते’ म्हणतात, आपल्या घरांत ‘सफेद पानी’, ‘महीना चढ गया’, ‘दिन ऊपर हो गए’ असे म्हणतात. पुस्तकी शब्द फेकणाऱ्या डॉक्टरांपुढे बाई मान हलवते आणि गप्प बसते. जे डॉक्टर तिचेच शब्द उचलतात त्यांच्यापुढे ती बोलते.

‘सफेद पानी’बद्दल एक महत्त्वाचे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले, की ही तक्रार करणाऱ्या कित्येक स्त्रियांना जंतुसंसर्ग नसतो. मनावरचा ताण, घरातला जाच, थकवा यांच्याशी त्या तक्रारीचे नाते जास्त असते. म्हणजे दर वेळी प्रतिजैविकांचा कोर्स देणारे डॉक्टर अर्धेच ऐकतात. वास, खाज, रंगात बदल, ओटीपोटात दुखणे असेल तर उपचार हवाच. ते नसेल तर ‘घरी सगळे ठीक आहे ना?’ हा प्रश्न गोळीइतकाच महत्त्वाचा आहे.

तिसरी गोष्ट, बरोबर आलेल्या माणसाची. आपल्याकडे बाई एकटी क्वचितच जाते. शौहर असतो, सासू असते, नणंद असते. बऱ्याचदा आजारी बाई खुर्चीवर आणि बोलणारी सासू. काही डॉक्टर तपासणीच्या निमित्ताने नातेवाइकांना दोन मिनिटे बाहेर बसवतात आणि मदतनीस बाईला आत ठेवून नाजूक प्रश्न विचारतात. यात सासूचा अपमान नाही. सासूनेच ‘मी बाहेर थांबते, तू मोकळेपणाने बोल’ असे म्हटले, तर त्या घराची इज्जत वाढते.

तपासणीच्या टेबलावर

बुरख्याच्या जाड बाहीवरून घेतलेले ब्लडप्रेशर चुकू शकते. कपड्यांच्या तीन थरांवरून स्टेथोस्कोपला छाती नीट ऐकू येत नाही. रक्त कमी आहे का, हे पापणीच्या आत, जिभेवर आणि नखांत दिसते. नखांवर मेंदी असेल तर तिथला फिकेपणा कळत नाही. नकाब उचलल्याशिवाय चेहऱ्याची सूज किंवा पिवळेपणा कसा दिसणार? तेव्हा डॉक्टरांनी ‘जरा नकाब वर करता का, डोळे पाहायचे आहेत’ असे कारण सांगून विचारले तर ते उद्धटपणाचे नव्हे, नीट तपासण्याचे लक्षण आहे. मात्र बाक भरलेला असताना, सगळ्यांसमोर, अर्धवट ओढलेल्या पडद्याआड ही तपासणी होऊ नये.

पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासत असताना दुसरी स्त्री हजर असणे हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो लिहिलेला आहे आणि २०१९ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ही सनद राज्यांकडे पाठवली. ही दुसरी स्त्री नर्स असू शकते, दवाखान्यातली मावशी असू शकते, तुमची बहीण किंवा आईही असू शकते. तिच्यामुळे बाईला धीर येतो आणि डॉक्टरांवरही खोटा आळ येत नाही.

तपासणीआधी काय करणार, का करणार, किती वेळ लागेल हे सांगून होकार घेणे हीसुद्धा डॉक्टरांची जबाबदारी. ‘आज नको, पुढच्या वेळी’ असे म्हणण्याचा, तपासणी मध्येच थांबवायला सांगण्याचा, आणि स्त्री डॉक्टरांकडे चिठ्ठी मागण्याचा अधिकार बाईला आहे. समजदार जनरल प्रॅक्टिशनर अशी चिठ्ठी स्वतःहून देतात. आपल्या मर्यादा ओळखणे हे त्यांच्या हुशारीचेच लक्षण.

आपल्या घरांतले काही खास प्रश्न

पाळीच्या दिवसांचा हिशेब आपल्या स्त्रिया नमाज-रोजासाठी बारकाईने ठेवतात. हे आपले बळ आहे. डॉक्टरांपुढे तारीख, दिवस, रंग सगळे अचूक सांगता येते. पण एक घोळ होतो. हनफी मसलकात पाळीची कमाल मुदत दहा दिवस, तर कोकणातल्या शाफई घरांत पंधरा दिवस मानली जाते. ही मुदत इबादतीसाठी आहे. ‘पंधरा दिवस चालते’ म्हणून बारा दिवसांचा रक्तस्राव आरोग्याच्या दृष्टीने ठीक ठरत नाही. सात-आठ दिवसांपेक्षा जास्त रक्त जात असेल, गाठी पडत असतील, दर तासा-दोन तासांनी कपडा बदलावा लागत असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

तांबी अर्थात कॉपर-टीबाबतही तसेच. बसवल्यानंतर पहिले काही महिने मधूनमधून डाग लागू शकतात किंवा पाळी लांबू शकते. डॉक्टरांच्या लेखी ही किरकोळ बाब. नमाजी बाईच्या मनात मात्र रोजचा प्रश्न: मी पाक आहे की नाही? हे आधी सांगितले नाही तर ती महिन्याभरात तांबी काढून टाकायला येते. आपली अडचण डॉक्टरांना मोकळेपणी सांगावी, आणि मसला आलिमांना किंवा आलिमा बहिणींना विचारावा.

रमजानमध्ये सगळे रोजे व्हावेत म्हणून, किंवा हज-उमराहला जाताना, पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणल्या जातात. शेजारणीला चालल्या म्हणून आपल्याला चालतील असे नाही. ज्यांना पूर्वी पायात रक्ताची गुठळी झाली आहे, यकृताचा आजार आहे, स्तनाचा कर्करोग झालेला आहे, त्यांच्यासाठी या गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. हजला जायचे असेल तर दोन-तीन महिने आधी डॉक्टरांशी बोला.

मधुमेह असलेल्या, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या रोजांचेही तेच. आजारी माणसाला कुरआनने सवलत दिली आहे आणि आई किंवा बाळाला धोका असेल तर गरोदर व दूध पाजणाऱ्या स्त्रीलाही सवलत आहे. तरी ‘लोक काय म्हणतील’ म्हणून इन्सुलिन बंद करून रोजे धरले जातात आणि डॉक्टरांपासून ते लपवले जाते. ‘रोजे धरू नका’ एवढेच दटावणारे डॉक्टर विश्वास गमावतात. ‘धरणार असाल तर आधी सांगा, औषधाच्या वेळा बदलू, आणि साखर घसरली तर रोजा सोडावा लागेल’ असे म्हणणारे डॉक्टर जीव वाचवतात.

अविवाहित मुलगी आणि आईची धास्ती

मुलीची पाळी तीन-तीन महिने येत नाही, चेहऱ्यावर केस, वजन वाढलेले. आई घाबरते: ‘तपासायला नेले तर काही होणार तर नाही ना? लोक काय समजतील?’ या भीतीने वर्षे जातात. खरे तर अविवाहित मुलीच्या बाबतीत आतली तपासणी सहसा केलीच जात नाही. पोटावरून सोनोग्राफी होते, त्यासाठी पाणी पिऊन लघवी भरलेली ठेवावी लागते, एवढेच. थायरॉइड व इतर रक्ततपासण्या होतात. डॉक्टरांनी हे आईला आधीच सांगितले तर निम्मी धास्ती जाते. आणि मुलीशी दोन वाक्ये थेट बोलू द्यावीत. पंधरा वर्षांच्या मुलीची तक्रार तिच्याच तोंडून ऐकली तर ती मोठी झाल्यावरही डॉक्टरांकडे यायला घाबरत नाही.

मूल होत नाही, तर दोघांनी यावे

लग्नाला दोन वर्षे झाली की सुनेची वारी सुरू होते. आधी गंडा-ताविज, मग हकीम, मग लेडी डॉक्टर, मग दुसरी लेडी डॉक्टर. मुलाला मात्र कुणी काही विचारत नाही. मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा पूर्ण किंवा थोडाफार वाटा असतो. वीर्यतपासणी ही साधी, स्वस्त आणि न दुखणारी तपासणी आहे. ‘पुढच्या वेळी शौहरला घेऊन या, दोघांच्या तपासण्या बरोबर सुरू करू’ असे पहिल्याच भेटीत सांगणारे डॉक्टर एका निर्दोष मुलीला तलाकच्या किंवा सवतीच्या टांगत्या तलवारीपासून वाचवतात.

मार आणि मन

त्याच राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चारांतल्या एकीने पतीच्या हिंसेचा अनुभव सांगितला. देशभरात हिंसा सोसणाऱ्या शंभर स्त्रियांत मदत मागणाऱ्या फक्त चौदा. बाकीच्या ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ म्हणतात. फॅमिली डॉक्टरांना बहुधा कळते. तीच जागा तिसऱ्यांदा घसरून पडल्याने काळीनिळी होत नाही. पण डॉक्टर शौहरलाही ओळखतात, त्याच गल्लीत राहतात, आणि म्हणून गप्प बसतात.

मुंबईत २००० साली महापालिका आणि सेहत या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, ते याच गप्प बसण्यावरचे उत्तर होते. हिंसेच्या खुणा ओळखायच्या, बाईला एकटे गाठून विचारायचे आणि तिला समुपदेशकाकडे पोचवायचे, हे तिथल्या डॉक्टर-नर्सना शिकवले गेले. गल्लीतल्या डॉक्टरांना खटला चालवायचा नसतो. त्यांनी तीन गोष्टी कराव्यात: शौहर बाहेर असताना विचारणे, जखमांची नोंद नीट करणे, आणि १८१ हा महिला हेल्पलाइन क्रमांक सांगणे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार अशा स्त्रीने मागितल्यावर आरोग्यसेवा देणे हे दवाखान्याचे कर्तव्य आहे.

मनाच्या आजारांनाही असाच आडोसा मिळतो. बाळंतपणानंतर रडू येणे, झोप उडणे, बाळाकडे पाहावेसे न वाटणे याला ‘असर’, ‘नजर’ म्हटले जाते. दुआ जरूर करा, पण दोन आठवड्यांहून जास्त असे राहिले तर डॉक्टरांना सांगा. बाळाला किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

‘घरी तर सांगणार नाहीत ना?’

फॅमिली डॉक्टर सगळ्या घराचे असतात, हीच सोय आणि हीच अडचण. बाईला भीती असते की आज सांगितलेले उद्या सासऱ्यांच्या कानावर जाईल. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने सांगितलेले गुपित राखणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कायद्याने ठरवलेले काही अपवाद आहेत; उदाहरणार्थ, अठरा वर्षांखालील मुलीवरील लैंगिक अत्याचार पोलिसांना कळवावाच लागतो. बाकी शौहरलाही पत्नीची माहिती तिच्या मर्जीनेच मिळावी. बाईनेही बेधडक सांगावे: ‘डॉक्टर, हे तुमच्या-माझ्यातच राहू द्या.’ आणि डॉक्टरांनीही कंपाऊंडरसमोर, भरल्या बाकासमोर रिपोर्ट मोठ्याने वाचू नये.

आपण काय करावे?

- दवाखान्यात जाण्याआधी शेवटच्या पाळीची तारीख, चालू असलेली औषधे आणि मुख्य तक्रार एका चिठ्ठीवर लिहा. तोंडाने सांगवत नसेल तर ती चिठ्ठीच डॉक्टरांपुढे ठेवा.
- विश्वासातली एक स्त्री बरोबर न्या. ती तुमच्या वतीने बोलायला नको, तुमच्या बाजूला उभी राहायला हवी.
- पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, संबंधानंतर रक्त जाणे, स्तनात गाठ लागणे, पाळी चुकलेली असताना ओटीपोटात तीव्र दुखून भोवळ येणे: यांपैकी काहीही असेल तर लाज बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टर गाठा. शेवटचे लक्षण असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.
- तिशी ओलांडल्यावर गर्भाशयमुखाची तपासणी कुठे होते, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. मुलींसाठीच्या एचपीव्ही लसीबद्दलही विचारा.
- एखाद्या डॉक्टरांची वागणूक खटकली तर दुखणे दडपू नका, डॉक्टर बदला.

पुरुष वाचकांना आमची एकच विनंती. पत्नी, बहीण, आई दवाखान्यात निघाली की रिक्षाचे पैसे देऊन मोकळे होऊ नका. ‘डॉक्टर काय म्हणाले’ हे विचारा आणि ती नाही सांगत म्हणाली तर त्याचाही मान ठेवा. आणि घरात एखादी मुलगी डॉक्टर किंवा नर्स व्हायचे म्हणत असेल तर तिच्या फीची सोय आधी करा. आपल्या घरातल्या स्त्रीसाठी आपण लेडी डॉक्टर शोधतो. ती कुणाच्या तरी घरातूनच शिकून येणार आहे.